एकशेवीस बाय ऐंशी

तालुक्याच्या साप्ताहिकात शेवटच्या पानावर, 'नावात बदल' आणि 'हरवले आहे' यांच्या मध्ये, एका रविवारपासून एक चमत्कारिक चौकट छापून येऊ लागली. वर गावातल्या ट्रस्टच्या हॉस्पिटलचं नाव, त्याखाली तारीख आणि त्याखाली ६४ अक्षरांची एक ओळ. आकडे आणि इंग्रजी अक्षरं, कशाचा कशाला मेळ नाही. पहिल्या आठवड्यात लोकांना वाटलं, छापखान्यात काहीतरी घोळ झाला. दुसऱ्या आठवड्यात स्टँडसमोरच्या चहाच्या गाड्यावर दोघांनी त्यातला शेवटचा आकडा धरून मटक्याच्या ओपनला पैसे लावले. एकाचा लागलाही म्हणे. त्यानंतर महिनाभर साप्ताहिकाचा खप चांगला होता.

चौकट हॉस्पिटलच्या नोंदींची होती. त्या आठवड्यात ज्या ज्या पेशंटचं बीपी, ताप, इंजेक्शन, रक्ताचा रिपोर्ट, जे काही लिहिलं गेलं, त्या सगळ्याचा मिळून तो एक ठसा होता. गावात हे कोणाला कळण्याचं कारण नव्हतं आणि खरं सांगायचं तर ट्रस्टच्या मीटिंगमध्येही फार जणांना कळलं नव्हतं.

हे सुरू कसं झालं, तेही सांगण्यासारखं आहे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या 'एम्स'च्या सर्व्हरवर खंडणीखोरांनी हल्ला केला आणि देशातल्या सगळ्यांत नामांकित सरकारी हॉस्पिटलात ओपीडीच्या नंबरापासून लॅबच्या रिपोर्टापर्यंत सगळं काम कागदावर आलं. पूर्ववत व्हायला दोनेक आठवडे गेले. आपल्या ट्रस्टच्या चेअरमनसाहेबांनी ती बातमी वाचली. साहेब साखर कारखान्याचेही संचालक, शब्दाला वजन. त्यांना वाटलं, एम्सची ही गत तर आपल्या ४० खाटांचं काय! कुठल्याशा परिषदेत 'ब्लॉकचेन' हा शब्द त्यांच्या कानावर पडला होता. पुढच्याच मीटिंगला त्यांनी जाहीर करून टाकलं की जिल्ह्यातलं पहिलं ब्लॉकचेन हॉस्पिटल आपलं असेल. असे निम्मे प्रकल्प आपल्याकडे असेच जन्माला येतात: आधी शब्द ठरतो, मग दुखणं शोधलं जातं.

हॉस्पिटल चालवायचे मोठे डॉक्टर. पस्तीस वर्षं त्यांनी ते अंगावर घेतलेलं. त्यांचा पुतण्या सॉफ्टवेअरमधला. चार वर्षं एस्टोनियात, टालिनला नोकरी करून त्याच हिवाळ्यात परत आला होता. चेअरमननी काम त्याच्याच गळ्यात घातलं.

पुतण्या सरळ माणूस. तो म्हणाला, "साहेब, एम्सला झालं त्यावर उपाय बॅकअप. रोज घ्यायचा, दुसऱ्या जागी ठेवायचा आणि महिन्यातून एकदा तो खरंच उघडतोय का ते बघायचं. ब्लॉकचेननं सर्व्हर बंद पडायचा थांबत नाही."

"मग ती कशाला लागते?"

"लिहिलेलं कोणी गुपचूप बदललं तर ते कळायला."

चेअरमन म्हणाले, "दोन्ही करा."

रात्री जेवण झाल्यावर डॉक्टरांनी पुतण्याला पडवीत बसवून घेतलं. त्यांना शब्दात रस नव्हता, आतलं यंत्र कसं चालतं ते हवं होतं.

"तुझ्या त्या देशात काय करतात, ते सांग. पण पहिल्यापासून."

पुतण्यानं सांगितलं. एस्टोनियाची लोकसंख्या तेरा लाखांच्या आसपास, पुणे शहराच्या निम्मीसुद्धा नाही. २००७ सालच्या एप्रिलमध्ये तिथल्या सरकारनं टालिन शहराच्या मध्यातला एका सोव्हिएत सैनिकाचा काशाचा पुतळा काढून लष्करी दफनभूमीत हलवला. रस्त्यावर दंगल झाली आणि पाठोपाठ इंटरनेटवरून हल्ला सुरू झाला. बँका, वर्तमानपत्रं, सरकारी खाती यांच्या साइट दिवसेंदिवस कोलमडत राहिल्या. सरकारी कामकाज बहुतेक ऑनलाइन नेलेला देश तो. त्याच्या लक्षात आलं की यंत्रणा बंद पडली तर निदान दिसते तरी. कोणी आत शिरून चार नोंदी हळूच बदलल्या आणि यंत्रणा चालूच राहिली, तर? एखाद्याच्या फाइलमधून पेनिसिलिनची ॲलर्जी पुसली गेली, तर कळणार कसं आणि कधी?

"इंजेक्शन दिल्यावर," डॉक्टर म्हणाले.

"म्हणून तिथं नोंदींना ठसे लावायची पद्धत आली. देशभरच्या पेशंटांच्या नोंदी २००८पासून एका व्यवस्थेत जोडलेल्या आहेतच. सरकारी दप्तरांना ही ठशांची साखळी २०१२पासून लावली आणि २०१६मध्ये दहा लाखांहून जास्त लोकांच्या आरोग्याच्या नोंदींना ती लावायचं काम हाती घेतलं. तिला ब्लॉकचेन म्हणावं की नाही यावर पंडित भांडतात, ते सोडा."

"म्हणजे सगळ्या देशाचे केस पेपर त्या साखळीत?"

"नाही काका. केस पेपर साखळीत कधीच ठेवायचा नाही. तिथं गेलेलं पुसता येत नाही. उद्या एखादा पेशंट म्हणाला, माझी माहिती काढून टाका, तर? २०२३ सालच्या आपल्या डेटा संरक्षण कायद्यातही दुरुस्तीचा आणि पुसून घेण्याचा हक्क दिलाय. केस पेपर आपल्याच कपाटात राहतो. साखळीत जातो फक्त त्याचा ठसा."

मग त्यानं लॅपटॉप उघडला. एका चौकटीत 'बीपी १२०/८०' लिहिलं. खाली ६४ अक्षरांची ओळ आली. त्यानं शेवटचं शून्य खोडून एक केला. खालची ओळ सगळीच्या सगळी बदलली, एकही तुकडा पहिल्यासारखा राहिला नाही. पुन्हा शून्य केलं, पहिली ओळ जशीच्या तशी परत आली. डॉक्टरांनी चष्मा वर करून स्वतः दोनदा करून पाहिलं. एकदा मुद्दाम नुसती एक मोकळी जागा सोडली. तरी ओळ बदलली.

"आणि या ओळीवरून मागं जाऊन मूळ मजकूर काढता येत नाही. पुढच्या नोंदीचा ठसा काढताना मागचा ठसा त्यात मिसळायचा. म्हणजे मधली एक नोंद कोणी बदलली तर तिथून पुढचे सगळे ठसे चुकतात. आणि रोज रात्रीचा शेवटचा ठसा चार वेगवेगळ्या ठिकाणी पाठवायचा, म्हणजे एकट्यानं सगळं बदलून नामानिराळं राहता येत नाही."

डॉक्टर हसले. "अरे, हे तर आमच्या सिस्टर करतात."

वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरांचा नियम साऱ्या हॉस्पिटलला पाठ होता. केस पेपरवर खाडाखोड नाही, गिरवणं नाही. चुकलं तर एकच आडवी रेघ मारायची, रेघेखालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर ते लिहायचं, सही, तारीख, वेळ. एकदा एका नव्या हाउसमननं नोंद व्हाइटनरनं पुसली, तेव्हा सिस्टरांनी ती बाटली त्याच्या देखत खिडकीतून बाहेर टाकली होती. बाहेर उभ्या असलेल्या वॉर्डबॉय मामांच्या डोक्यावर पडता पडता ती राहिली.

"तेच आहे," पुतण्या म्हणाला, "फक्त सिस्टर रिटायर झाल्या तरी चालू राहील असं."

साप्ताहिकात ठसा छापायची कल्पनाही त्याचीच, पण त्याच्या डोक्यातून निघालेली नव्हे. अमेरिकेत स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या दोघांनी १९९१ साली कागदपत्रांवर बदलता न येणारी वेळ कशी उमटवावी, यावर निबंध लिहिला होता. पुढं १९९५पासून त्यांच्या पद्धतीनं निघालेला आठवड्याचा ठसा 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या छोट्या जाहिरातींत छापून यायला लागला. हजारो घरांत जाऊन पडलेला पेपर कोण कोण बदलणार? २००८मध्ये बिटकॉइनचा प्रसिद्ध निबंध आला, त्याच्या आठ संदर्भांपैकी तीन या दोघांच्या कामाचे होते. तेव्हा ज्याला आपण आजचं म्हणतो ते बऱ्यापैकी जुनं आहे आणि त्याचा पहिला मुक्काम पेपरातल्या छोट्या जाहिरातींत होता, हे चेअरमनना मात्र कोणी सांगितलं नाही. त्यांचा हिरमोड झाला असता.

तर यंत्रणा सुरू झाली. रोजचा ठसा चार जागी जायचा: हॉस्पिटल, पॅथॉलॉजी लॅब, समोरचं मेडिकल आणि शेजारच्या तालुक्यातल्या एका डॉक्टरांचं नर्सिंग होम. आठवड्याचा ठसा रविवारच्या पेपरात. कोणी कुठली फाइल कधी उघडून पाहिली, त्याचीही नोंद साखळीत.

सिस्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "बदलता येत नाही हे कळलं. पण वाचायला आडकाठी आहे का?" प्रश्न नेमका होता. साखळी वाचणाऱ्याला अडवत नाही. एस्टोनियाच्या शेजारीच फिनलंडमध्ये मानसोपचार केंद्रं चालवणाऱ्या एका कंपनीच्या नोंदी चोरीला गेल्या आणि २०२०मध्ये चोरानं एकेका पेशंटला ईमेल करून पैसे मागितले. तिथं प्रश्न अक्षरं बदलण्याचा नव्हता. नोंदी वाचल्या गेल्या होत्या, तेवढ्यानं हजारो माणसं हादरली. म्हणून कुलूप वेगळं लागतं, किल्ल्या मोजून द्याव्या लागतात. एस्टोनियात माणूस आपल्या ओळखपत्रानं आत शिरून, माझी फाइल कोणी कोणी उघडली, ते पाहू शकतो. आपल्या हॉस्पिटलात ती सोय केली, तेव्हा दुसऱ्याच आठवड्यात उघड झालं की ऑफिसातल्या एका बाबूनं एका मुलीची जुनी फाइल तिच्याशी काही संबंध नसताना तीनदा उघडली होती. त्याच्या भाच्यासाठी तिचं स्थळ आलं होतं. डॉक्टरांनी त्याला बोलावून काय सांगितलं ते माहीत नाही, पण त्याचा पासवर्ड त्याच दिवशी बंद झाला.

इथवर सगळं छान होतं. श्रावणातल्या एका गुरुवारी दुपारी वाडीवरची एक तेवीस वर्षांची बाई भरती झाली. पहिलटकरीण, नववा महिना. पाय सुजलेले, डोकं जड. ओपीडीत डॉक्टरांनी स्वतः बीपी पाहिलं होतं, १३६/८८. धोक्याच्या रेघेच्या, म्हणजे १४०/९०च्या, अलीकडं, पण काठावर. त्यांनी लिहिलं: दर चार तासांनी बीपी, लघवीत प्रोटीन. संध्याकाळी सहाच्या राउंडची नोंद आली, १२०/८०. दहाची, १२०/८०. ऑपरेशन थिएटरातून बाहेर पडताना डॉक्टरांनी मोबाइलवर दोन्ही आकडे पाहिले, बरं वाटलं, घरी गेले.

पहाटे अडीचला तिला झटका आला. दातखीळ, डोळे वर. सासूनं बोंब मारली. मॅगसल्फचं इंजेक्शन हॉस्पिटलातच होतं, म्हणून निभावलं: चार ग्रॅम हळूहळू शिरेतून, पाच-पाच ग्रॅम दोन्ही कुल्ल्यांत. डॉक्टर पोचले तेव्हा बीपी १७०च्या वर होतं. झटके थांबल्यावर सिझेरियन केलं. बाळ अडीच किलोच्या आतलं. ते जिल्ह्याच्या ठिकाणी काचेच्या पेटीत राहिलं, आई चार दिवस आयसीयूत. दोघं वाचली. पण सासूचं एकच म्हणणं होतं आणि ते ती आल्यागेल्या प्रत्येकाला सांगत होती: "सांजच्याला कुणी हाताला पट्टा बांधलाच न्हाई. मी हितंच बसलेली."

शुक्रवारी संध्याकाळी घरच्यांनी केस पेपरच्या प्रती मागितल्या. मेडिकल कौन्सिलच्या २००२च्या नियमांप्रमाणे ७२ तासांत त्या द्याव्या लागतात. शनिवारी सकाळी डॉक्टरांच्या केबिनमध्ये चेअरमन, वकील आणि पुतण्या असे बसले.

वकील खुशीत होते. "सहाला १२०/८०, दहाला १२०/८०. बीपी नॉर्मल असतानाही झटका येऊ शकतो, हे पुस्तकात आहे. आता ते म्हणणार, तुम्ही नंतर लिहिलंत. नेहमी हेच म्हणतात. पण इथं तर गंमतच आहे! गुरुवार रात्रीचा ठसा चार ठिकाणी बसलाय. नोंद झाल्यापासून अक्षर बदललेलं नाही, हे आपण गणितानं सिद्ध करतो. तीस वर्षांत असा पुरावा मी पाहिला नाही."

चेअरमन पुतण्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "पैसे वसूल झाले बघ."

इन्चार्ज सिस्टर दारात उभ्या होत्या. हातात दुरुस्तीचं रजिस्टर, बोट पानात घातलेलं. त्यांनी ते टेबलावर उघडून ठेवलं. वॉर्डातलं एक बीपीचं मशीन बुधवारी दुरुस्तीला जिल्ह्याला गेलेलं. दुसऱ्याचा रबरी बल्ब गळत होता. ते गुरुवारी दुपारी तीनला थिएटरमध्ये मागून नेलं, कारण तिथलं बंद पडलं होतं. परत आलं शुक्रवारी सकाळी साडेआठला. दोन्ही ठिकाणी मामांची सही.

"म्हणजे गुरुवारी सहाला वॉर्डात मशीनच नव्हतं, सर," सिस्टर म्हणाल्या. "दहालाही नव्हतं."

खोलीत पंख्याचाच काय तो आवाज. पुतण्यानं लॅपटॉप ओढला. केस पेपरच्या छापील प्रतीवर फक्त राउंडची वेळ येते. नोंद नेमक्या कोणत्या मिनिटाला केली ते साखळीत असतं. त्यानं गुरुवारची संध्याकाळ काढली. वॉर्डातल्या चौदा पेशंटांची नोंद सहा वाजून दोन मिनिटांनी सुरू झाली होती आणि सहा वाजून पाच मिनिटांनी संपली होती. चौदाही जणांचं बीपी १२०/८०. चौदाही नाड्या ८०. त्यांत एक दमा असलेली सत्तरीची आजी होती आणि एक आदल्या दिवशी बीपी २००वर आलं म्हणून भरती झालेले गृहस्थ होते.

त्यानं आणखी मागं जाऊन पाहिलं. रोजच नव्हे, पण ज्या दिवशी वॉर्ड भरलेला आणि पाळीवर एकच पोर, त्या दिवशी हेच. पानंच्या पानं एकशेवीस बाय ऐंशी. हॉस्पिटल-हॉस्पिटलांत हा आकडा असाच बसलेला असतो. कागदाच्या जमान्यातही होता. फरक एवढाच की आता त्यातल्या प्रत्येक आकड्याचा ठसा चार ठिकाणी जपलेला होता आणि पेपरात छापून गावभर वाटला होता.

पाळीवरच्या मुलीला बोलावलं. नर्सिंग पास होऊन वर्ष व्हायचं होतं. ती रडली नाही, तेवढं बरं केलं. सरळ म्हणाली, "सर, मशीन नव्हतं. मी फोन केला थिएटरला, ते म्हणाले केस संपल्यावर देतो. आणि बीपीचा रकाना रिकामा सोडला तर पान पुढं जात नाही. लाल चांदणी येते. खाली इंजेक्शनांच्या नोंदी असतात, त्या होतच नाहीत. मग नॉर्मल टाकलं."

लाल चांदणी पुतण्यानं घातली होती. नोंदी अर्धवट राहू नयेत म्हणून. 'मोजलं नाही' असं लिहायला त्या पानावर जागाच नव्हती.

वकिलांनी घसा साफ केला. "हे बघा, रजिस्टर त्यांनी मागितलेलं नाही. केस पेपर मागितलाय. केस पेपर आणि साखळीचा दाखला आपण देऊ. त्यात एकही वाक्य खोटं नाही. नोंद बदललेली नाही, हे खरंच आहे."

"आणि वेळा?" चेअरमननी विचारलं. "उद्या त्यांचा वकील आत शिरला तर ती तीन मिनिटं दिसणारच. काय रे, त्यांत पाच-पाच मिनिटांचं अंतर पाडता येत नाही का?"

पुतण्यानं खोटं सांगितलं नाही. "येतं. गुरुवारपासूनची साखळी नव्यानं बांधावी लागेल. चारपैकी तिघांनी जुना ठसा टाकून नवा घेतला की झालं. पेपर उद्या निघतो. तो छापायला जायच्या आत करावं लागेल."

"मग? लॅबवाला आपला, मेडिकलवाला आपला. एक फोन लागेल."

फोन लागलाही असता आणि ते दोघं 'बरं साहेब' म्हणालेही असते. एक हॉस्पिटलच्या जागेत भाड्यानं होता, दुसऱ्याचा सगळा धंदा हॉस्पिटलच्या चिठ्ठ्यांवर. ज्या साखळीचा गाजावाजा झाला होता, तिच्या चारांतल्या तीन कड्या एकाच माणसाच्या मिंध्या होत्या. हे बांधताना कोणी पाहिलं नव्हतं. असल्या साखळीत किती संगणक आहेत ते सगळे विचारतात. ते संगणक ज्यांचे, ती माणसं एकमेकांना नाही म्हणू शकतात का, हे कोणी विचारत नाही. एस्टोनियातले ठसे देशाच्या बाहेरही तपासता येतात. आमचे स्टँडपलीकडं गेले नव्हते.

डॉक्टर इतका वेळ बोलले नव्हते. त्यांनी सिस्टरांना विचारलं, "सिस्टर, चुकीची नोंद झाली तर काय करायचं?"

"एक रेघ, सर. खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर ते, सही, तारीख, वेळ."

"या मशिनात रेघ कशी मारायची?" त्यांनी पुतण्याला विचारलं.

"जुनी नोंद राहते. तिच्यापुढं दुरुस्तीची नवी नोंद जोडायची. दोन्ही दिसतात."

डॉक्टरांनी लॅपटॉप स्वतःकडं वळवला. टाइप करायची सवय नव्हती, दोन बोटांनी वेळ लागला. चेअरमन दोनदा "डॉक्टर, जरा थांबा" म्हणाले. वकिलांनी फाइल मिटली. नोंद अशी होती: 'गुरुवार सायं. ६ व रात्री १० ची बीपीची नोंद प्रत्यक्ष मोजून केलेली नाही. वॉर्डात मशीन उपलब्ध नव्हते. पाळीवरील नर्सचा दोष नाही. व्यवस्था ठेवण्याची जबाबदारी माझी.' मग आपलं नाव घातलं. वाचून पाहिलं, 'उपलब्ध'मधला 'ब' सुटला होता तो घातला आणि बटण दाबलं.

"आता ठसा जाऊ दे चार ठिकाणी," ते म्हणाले. "आणि उद्याच्या पेपरातही."

घरच्यांना ७२ तासांच्या आत सगळे कागद गेले, दुरुस्तीच्या नोंदीसकट आणि दुरुस्तीच्या रजिस्टरच्या प्रतीसकट. प्रकरण ग्राहक आयोगापुढं गेलं. कागद वाचून सासू खूश झाली, असं काही नाही. ती म्हणाली, "आमी तेच सांगत हुतो," आणि तिचं बरोबरच होतं. पहिल्या तारखेलाच डॉक्टरांनी चूक कबूल केली, तडजोड झाली, हॉस्पिटलनं बाळाचा आणि आईचा सगळा खर्च आणि वर नुकसानभरपाई दिली. रक्कम लहान नव्हती. चेअरमन दिवाळीपर्यंत डॉक्टरांशी बोलले नाहीत. वकिलांनी हॉस्पिटलचं काम सोडलं.

पुतण्यानं लाल चांदणी काढली आणि बीपीच्या रकान्याखाली 'मोजलं नाही' असा पर्याय दिला, सोबत कारण लिहायला एक ओळ. पहिल्या महिन्यात तो पर्याय इतक्या वेळा वापरला गेला की ट्रस्टींना हॉस्पिटल अचानक बिघडलंय असं वाटलं. कारणांच्या ओळीत बहुतेक ठिकाणी दोनच गोष्टी होत्या: 'मशीन नाही' आणि 'एकटी आहे'. लॅब आणि मेडिकलच्या जागी ठसे ठेवायला तालुक्याची ग्रंथालय संस्था आणि दुसऱ्या जिल्ह्यातलं एक मेडिकल कॉलेज घेतलं. त्या दोघांचं हॉस्पिटलकडं काही अडत नव्हतं. दुसऱ्या सर्व्हरसाठी बाजूला काढलेल्या पैशांतून वॉर्डाला सहा बीपीची मशिनं आली आणि रात्रपाळीला दोन सिस्टर वाढल्या. पगाराचा बोजा कायमचा आहे, अशी नोंद चेअरमननी मीटिंगच्या इतिवृत्तात करून घेतली. ती तिथं आहे.

साखळी अजून चालते आणि चालावी. पण पुढच्या वेळी तुम्ही कोणाला घेऊन दवाखान्यात जाल आणि कागदावर किंवा पडद्यावर बीपीचा आकडा दिसेल, तेव्हा हाताला पट्टा कधी बांधला होता ते आठवून पाहा. बांधला नसेल, तर तिथल्या तिथं विचारा. विचारायला लाजू नका.